महाराजांच्या आधी बसणारा माणूस

महाराजांसाठी मांडलेल्या खुर्चीवर महाराजांच्या आधी जाऊन बसण्याचा अधिकार सुपडूआबांना कोणी, कधी आणि कोणत्या ठरावाने दिला, याचा मी रीतसर शोध घेतला आहे. तो कोणीही दिलेला नाही. तरीही दरवर्षी, ज्या ज्या घरी महाराज जातात त्या त्या घरी, झेंडूच्या माळा सोडलेल्या आणि नवी चादर अंथरलेल्या खुर्चीवर प्रथम आबा विराजमान होतात. एकदा डावीकडे झुकतात, एकदा उजवीकडे झुकतात, मग दोन्ही पाय अधांतरी उचलून सगळा भार पाठीवर टाकतात. खुर्ची मुकाट राहिली तर "हाई चाली" असा निर्वाळा देऊन उठतात. करकरली तर यजमानाकडे खुनशीपणे पाहून "दुसरी आना" म्हणतात. घरातली माणसे पहाटेपासून खपून ती खुर्ची सजवत असतात. आबांच्या परीक्षेनंतर तिच्यावरची निम्मी फुले चुरगळलेली असतात आणि चादरीवर आबांच्या धोतराची घडी उमटलेली असते.

प्रकरण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या गुरुपरंपरेचा एक लहानसा मठ आहे. कापूस घरात आला की मठातले थोरले महाराज आणि त्यांचे शिष्य धाकटे महाराज फेरीला निघतात. पहिल्या दिवशी जळगाव, मग धरणगाव, अमळनेर, पारोळा असे करत धुळ्याला देवीच्या दर्शनाने फेरीची सांगता होते. वाटेवरच्या देवळांत दर्शन घ्यायचे आणि दोन देवळांच्या मध्ये भाविकांकडे पधरावणी करायची, अशी पद्धत आहे. महाराज घरी आले की यजमान दारात सामोरे येऊन त्यांचे पाय धुतो, घरची सुवासिनी ओवाळते, दोन घास प्रसाद होतो आणि गाडी पुढच्या घराकडे निघते. निघते, असे निदान कागदावर असते.

तो कागद मी तयार करतो. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य गेल्यामुळे अर्ज, परवानगी, पोच या गोष्टी मला समजतात, आणि केवळ त्याच कारणासाठी सेवा मंडळाने मला चिटणीस केले. आबांकडे मंडळाचे कोणतेही पद नाही. ते फक्त ड्रायव्हरशेजारी बसतात. परंतु गाडी त्यांच्या बोटाने वळते, थांबते आणि मागे येते.

दुर्दैवाने ते माझे शेजारीही आहेत. जळगावच्या पिंप्राळ्यात आम्ही एकाच वर्षी प्लॉट घेतले, एकाच वर्षी घरे बांधली, आणि त्या वर्षापासून आमची भिंत सामाईक व मते विभक्त आहेत. त्यांचा शेवगा माझ्या हद्दीत झुकतो. याबाबत मी त्यांना पोचपावतीसह रजिस्टर पत्रे पाठवली आहेत. प्रत्येक पत्र पोहोचले की आबा शेंगांची एक मोळी घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, "भाऊसाहेब, तुमना कागद भेटना." हे उत्तर नव्हे, असे मी त्यांना वारंवार सांगितले आहे. शेंगा मात्र आमची सौ. आत घेऊन जाते, त्यामुळे माझी बाजू दुबळी होते.

पण शेवगा हा खाजगी विषय झाला. फेरी सार्वजनिक आहे, आणि तिथे आबांचा खरा गुन्हा खुर्चीचा नसून घरे वाढवण्याचा आहे. माझ्या पत्रिकेत एका गावात चार घरे असली तर आबा सात करतात. वर्षभर ते लग्नांत, बाजारात, एस. टी.त भेटेल त्याला "येतीन, येतीन, महाराज तुमना घर बी येतीन" असे परस्पर कबूल करून ठेवतात. मग ऐन रस्त्यात ड्रायव्हरच्या खांद्यावर हात पडतो. मी मागून विचारतो, "आबा, हे घर पत्रिकेत आहे का?" आबा मान न वळवता एकच वाक्य म्हणतात: "वाट देखी ऱ्हायनात त्या." माझे सर्व युक्तिवाद या एका वाक्यापाशी संपतात, कारण खरोखरच तिथे कोणीतरी तांब्या घेऊन वाट पाहत उभे असते.

हे सहन करण्यासारखे होते, जोवर थोरल्या महाराजांचे गुडघे ठीक होते. आता ते गाडीतून उतरताना दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरतात आणि क्षणभर डोळे मिटतात. डॉक्टरांनी जिने, उंबरे आणि मांडी घालून बसणे बंद करायला सांगितले आहे. गेल्या फेरीत आबांच्या वाढीव घरांमुळे आम्ही धुळ्याला पोहोचलो तेव्हा मंदिर बंद झाले होते. महाराज बंद दरवाजासमोर हात जोडून उभे राहिले आणि काहीही बोलले नाहीत. मीच बोललो, आणि पुष्कळ बोललो.

सबब, यंदा फेरी निघण्यापूर्वी मी थोरल्या महाराजांकडे लेखी अर्ज दाखल केला. मागणी एकच होती: श्री. सुपडूआबा यांना यापुढे फेरीच्या गाडीत घेण्यात येऊ नये. महाराजांनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, "धुळ्याला पोहोचू. तिथे दोघांचं ऐकू, मग ठरवू." ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला प्रत मिळाली पाहिजे हा न्यायाचा पाया असल्यामुळे एक प्रत मी आबांच्या हाती स्वतः दिली. त्यांनी ती गाडीच्या बॉनेटवर पसरून ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवली. नंतर माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, ह्यामा 'उपद्रव' लिखेल शे, तो मीच ना?"

"होय."

"चांगला लिखेल शे." ते जरा वेळ कागदाची घडी घालत, उलगडत राहिले. "पन माले गाडीम्हाईन काढशात, ते मी कथा जासू?"

"घरी," मी म्हणालो.

त्यांनी कधी न ऐकलेल्या एखाद्या गावाचे नाव मी सांगितले असावे, तसे ते माझ्याकडे पाहत राहिले.

आपली जागा धोक्यात आहे हे समजल्यावर कोणताही माणूस जपून वागला असता. आबांनी धरणगावात जो प्रकार केला तो मी येथे नोंदवतो.

तिथल्या एका घरी पहिल्यांदाच पधरावणी होती. थोरली पिढी महाराजांना ओळखणारी होती, पण ती माडीवर होती. दारात होते ते नवे यजमान, म्हणजे त्यांचा मुलगा आणि सून. दोघांनीही महाराजांना पूर्वी पाहिलेले नव्हते. गाडी थांबली, महाराज दांडा धरून हळूहळू उतरू लागले, आणि तेवढ्यात आबा नेहमीप्रमाणे तरातरा पुढे जाऊन खुर्चीवर बसले. पांढरे धोतर, पांढरी टोपी, वयस्कर चेहरा. सुनेने खाली पाहून पाणी घातले. मुलाने परातीत पाय धरले. आबा "माय, मी नही! मी नही! महाराज मांगे शेतस!" असे ओरडत होते, परंतु सनईची कॅसेट मोठ्याने लावलेली होती आणि थोर माणसे अशीच नम्र असतात अशी त्या दोघांची समजूत होती. आम्ही आत पोहोचलो तेव्हा आबांच्या दोन्ही पायांवर कुंकवाची स्वस्तिके काढून झाली होती आणि आरतीचे तबक त्यांच्या तोंडाभोवती फिरत होते.

माडीवरून सासूबाई खाली आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं, हाई कोनले ववाळी ऱ्हायनी तू? हाऊ ते गाडीवाला शे!"

मी जागच्या जागी हरकत घेतली. व्यक्तीच्या ओळखीबाबत चूक झाली असता मूळ कृतीच रद्द ठरते, म्हणून पूजा पुन्हा प्रथमपासून व्हावी, असे मी सुचवले. धाकटे महाराज घड्याळाकडे पाहून म्हणाले की वेळ नाही. थोरले महाराज मात्र भिंतीला धरून हसत होते. "सुपडू," ते म्हणाले, "आता तू आशीर्वाद दे, म्हणजे आपण निघू." आणि आबांनी, सांगायला मला शरम वाटते, खरोखर दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हावा," म्हणाले, "नं खुर्ची बदला. एक पाय लुळा शे." त्यानंतर महाराजांना दुसऱ्या खुर्चीवर बसवून सगळी पूजा पुन्हा झाली. गाडीत आबा ओले पाय वर धरून बसले होते. कुंकू पुसून टाका, असे मी त्यांना तीनदा सांगितले. त्यांनी पुसले नाही.

पारोळ्याच्या पुढे पुन्हा ड्रायव्हरच्या खांद्यावर हात पडला. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे जोडपे तांब्या-परात घेऊन उभे होते. घर आत, शेतात होते. धुळ्याच्या मंदिराची वेळ मी सर्वांना पुन्हा वाचून दाखवली. महाराजांना उतरवू नये, अशी धाकट्या महाराजांची सक्त ताकीद होती. आबांनी ती पाळली, म्हणजे त्यांनी महाराजांना उतरवले नाही. त्यांनी गाडीचे सरकते दार उघडले, महाराजांचे पाय धरून बाहेर वळवले, परात खाली धरली आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "धुवा, दादा. घर आठेच उनं समजा." म्हाताऱ्याने रस्त्यावर उभे राहून पाय धुतले. मागे ट्रकची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. परातीतले अर्धे पाणी माझ्या चपलांत आले. हा मुद्दा मी अर्जात पुरवणी म्हणून जोडला.

धुळ्याला दर्शन वेळेवर झाले. ते आबांमुळे झाले नाही. पारोळ्याचे एक जेवण मी रद्द केल्यामुळे झाले. दुपारी ज्या भाविकांकडे आमचा मुक्काम होता त्यांच्या बैठकीत महाराज पलंगावर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "हं, चिटणीस. वाचा."

मी उभा राहून वाचले. खुर्चीचा मुद्दा, वाढीव घरांचा मुद्दा, चुकीच्या इसमाच्या पाद्यपूजेचा मुद्दा, रहदारीचा मुद्दा, आणि सर्वांत शेवटी महाराजांच्या प्रकृतीचा. वाचून झाल्यावर मी बसलो. माझी मांडणी निर्दोष होती.

"सुपडू, तुझं काय म्हणणं?"

आबा दाराशी जमिनीवर बसले होते. "बठ्ठं खरं शे," ते म्हणाले. "भाऊसाहेब खोटं लिखत नहीत."

एवढ्यावर प्रकरण संपले होते. तक्रार मान्य झाली म्हणजे निकालच उरतो. पण थोरले महाराज माझ्याकडे वळले. "चिटणीस, तुमच्याकडे आपण दरवर्षी येतो. पहिलं घर तुमचंच."

"होय, महाराज."

"आणि हा तुमच्या शेजारी राहतो."

"भिंतीला भिंत आहे."

"मग याच्या घरी मी कधी आलो?"

मी आठवू लागलो. कोणत्याही फेरीत, कोणत्याही पत्रिकेत, आणि आबांनी घुसडलेल्या कोणत्याही वाढीव घरांत त्यांचे स्वतःचे घर नव्हते. मी तसे सांगितले. शेजारचे घर मला रोज दिसते, त्याचा शेवगा मला रोज दिसतो, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नोंदीत जे नाही ते पाहण्याची मला सवय नाही.

"का रे, सुपडू?"

आबा जमिनीवरच्या फरशीची रेघ बोटाने पुसत होते. "मना घर कोन शे, महाराज? घरवाली गयी. पोरगा सुरतले. मी गाडीमा बठेल, घरले कुलूप. पधरावनी म्हंजे दारमा कोनी उभं पाहिजे ना. तुमले दारमा उभं करीसन मी खिसामा चावी धुंडत बसू का?"

हे मात्र नियमाला धरून होते. यजमान घरात असावा, त्याने आतून सामोरे यावे, बंद दाराशी महाराजांना तिष्ठत ठेवू नये, ही परंपराच आहे. तरीही एक प्रश्न उरत होता आणि तो मी विचारला. "आबा, एक वर्ष गाडीत न बसता घरी थांबायचं होतं. मला सांगायचं होतं. मी पत्रिकेत घर घातलं असतं."

"दुसरासाठे सांगता येस, भाऊसाहेब." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "सोतासाठे जीभ उचलत नही."

धाकट्या महाराजांनी मोबाइल खिशात ठेवला. थोरल्या महाराजांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि निकाल दिला.

"चिटणिसांचा अर्ज मंजूर. सुपडू, उद्या तू गाडीत बसायचं नाही."

आबांनी मान खाली घातली. मी सांगतो, खटला जिंकल्याचा आनंद मला झाला नाही, परंतु मागणी माझीच होती.

"सकाळच्या एस. टी.ने पुढे जायचं," महाराज म्हणाले. "घर उघडायचं. आम्ही दुपारी येतो."

धाकट्या महाराजांनी लगेच सांगितले की जळगाव उलट दिशेला आहे, मठात उद्याच पोहोचायचे आहे आणि गुडघ्यांना इतका प्रवास झेपणार नाही. हे तिन्ही मुद्दे बिनतोड होते. आदल्या दिवशी ते मीच मांडले असते. महाराजांनी फक्त माझ्याकडे पाहिले. मी पेन काढले आणि पत्रिकेत पिंप्राळ्याचे घर लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना धुळ्याच्या स्टँडवर पोहोचवायला गेलो, कारण ते ऐन वेळी भलत्याच गाडीत बसून पळ काढतील अशी मला भीती वाटत होती. ज्या माणसाने गावोगावच्या लोकांना पाट कुठे, समई कुठे, कोणी कुठे उभे राहायचे हे दटावून सांगितले, तो माणूस खिडकीतून मला विचारत होता, "भाऊसाहेब, पानी गरम करू का गार ठेवू?"

"कोमट," मी म्हणालो. "आणि टोपी बदला. तिच्यावर तेल आहे."

त्या दिवशी ड्रायव्हरशेजारी मला बसावे लागले. एरंडोलच्या अलीकडे रस्त्यावर कोणीतरी हात केला. मी गाडी थांबवली नाही. मी कायद्याने वागतो.

पिंप्राळ्याच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा आबा फाटकात उभे होते. टोपी नवी होती. आमच्या सौ.ने त्यांच्या दारात रांगोळी घातली होती. ओवाळायलाही तीच उभी होती. आबांच्या हातात तांब्या होता. महाराज उतरले, उंबऱ्यापाशी थांबले. आबांनी पाय धुतले, पण पुसायला पंचा आणायचे विसरले, म्हणून आपल्या उपरण्याने पुसले. "या" म्हणायचेही विसरले. महाराज स्वतःच आत आले आणि बाजेवर बसले.

घर स्वच्छ होते. एका खुंटीवर एक शर्ट, एका कोनाड्यात एक समई, भिंतीवर घरवालीचा फोटो आणि त्याला ताजा हार. कुठलीच वस्तू दोन नव्हती.

"चाय करस," म्हणून आबा आत गेले ते परत आलेच नाहीत. धाकटे महाराज घड्याळ पाहू लागले. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल आमच्या गाडीमुळे अडली होती आणि तो हॉर्न वाजवत होता. मी दारातून त्याला सांगितले की हा रस्ता महापालिकेचा आहे, त्याच्या तीर्थरूपांचा नाही, आणि हॉर्न थांबला नाही तर नंबर लिहून घेईन. मग आबांना घाई करायला मी स्वयंपाकघरात गेलो.

चहा कधीच झाला होता. पातेले झाकून ठेवलेले होते. आबा मोरीपाशी बसले होते, नळ चालू होता, आणि समोर नवे कोरे कप ओळीने मांडले होते. फुलांची नक्षी, सोनेरी काठ. प्रत्येक कपाच्या बुडाला दुकानाची कागदी चिकटपट्टी अजून तशीच होती, पिवळी पडलेली. आबा ती नखाने खरवडत होते. एका कपावरची निम्मी निघाली होती.

"हाई निंघतच नही," ते म्हणाले.

"कधी घेतले हे?"

"घर बांधं तवय. दोन्हीजनी जाईसन लिधा व्हतात. पाव्हना येतीन म्हनीसन."

"मग कधी काढले नाहीत?"

"कोनासाठे काढतू?"

अशी कामे आदल्या दिवशी करून ठेवायची असतात, हे मी त्यांना सांगितले. चिकटपट्टी जुनी झाली की डिंक आवळतो, हेही सांगितले. मग बाहीची बटणे काढली, गरम पाण्याचे भांडे पुढे ओढले, आणि खाली बसून दुसरा कप हातात घेतला.